कारणाचा रकाना

आमच्या घरात गेली पंधरा वर्षं एकच विनोद चालू आहे. तो धाकट्याने केलेला असल्यामुळे जुना होत नाही. पाहुण्यांपैकी कुणी विचारलं, "तुम्ही दोघे भाऊ एकाच क्षेत्रात का हो?" की धाकटा म्हणतो, "छे! उलटं आहे. दादा फोडतो, मी जोडतो." पाहुणे हसतात. आई पहिल्यांदाच ऐकल्यासारखी हसते. मलाही हसल्यासारखं तोंड करावं लागतं.

विनोद शास्त्राला धरून आहे, म्हणून तक्रारही करता येत नाही. मी अणुवीज केंद्रात शिफ्ट इन-चार्ज आहे. आमच्या रिअ‍ॅक्टरमध्ये युरेनियमचा जड अणू फुटतो, त्यातून उष्णता निघते, उष्णतेने पाण्याची वाफ होते, वाफेवर टर्बाइन फिरतं आणि तुमच्या घरात दिवा लागतो. धाकटा करतो ते याच्या नेमकं उलट. हायड्रोजनचे हलके अणू एकमेकांत मिसळायचे आणि त्यातून निघणारी ऊर्जा वापरायची. सूर्यात हेच चालतं. धाकट्याला ते दुमजली इमारतीएवढ्या एका पोकळ लोखंडी कड्यात करून दाखवायचं होतं. जमलं असतं तर इंधन समुद्राच्या पाण्यातून काढता आलं असतं, आमच्यासारखा हजारो वर्षं सांभाळत बसायचा कचरा उरला नसता आणि सगळं जग सुखी झालं असतं. जमलं असतं तर. बाजारात तुरी म्हणतात त्या याच.

त्याच्या मशीनवर आजवर एक दिवासुद्धा लागलेला नाही. उलट ते चालवायला एका गावाला पुरेल इतकी वीज लागायची, आणि ती आमच्या केंद्रातून जायची. आमची वीज खाऊन त्याचा सूर्य आठ सेकंद जळायचा आणि विझायचा. ते आठ सेकंद मात्र पेपरात पहिल्या पानावर.

आई ती कात्रणं कापून एका निळ्या फाइलमध्ये लावते. ती राहते माझ्याकडे, जेवते माझ्याकडे, तिची औषधं मी आणतो, आणि फाइल धाकट्याची. माझी फाइल नाही, कारण माझ्याबद्दल छापण्यासारखं काही झालेलं नाही. माझ्या धंद्यात छापून येण्यासारखं काही होणं म्हणजे संकट. सत्तावीस वर्षांत माझ्या शिफ्टमध्ये केंद्र एकदाही अचानक बंद पडलेलं नाही. बटण दाबल्यावर दिवा लागला म्हणून कुणी टाळ्या वाजवत नाही, हे मला कळतं. पण आईने तरी एकदा वाजवाव्यात, असं वाटायचं. आमच्याकडे दरवर्षी कुटुंबीयांसाठी भेटीचा दिवस असतो. आई कधी आली नाही. एकदा खोदून विचारलं तर म्हणाली, "तुझ्याकडे बघायला आहे काय रे? भिंती आणि घड्याळं."

खरंच आहे. आमच्या कंट्रोल रूमला खिडकी नाही. तीन भिंतींना राखी रंगाची पॅनेल, त्यांवर काटे, दिवे, आणि कागदावर सावकाश रेघ ओढणारी पेनं. मधोमध माझी खुर्ची. तिथे कुणी धावत नाही, कुणी ओरडत नाही. एकाने हुकूम द्यायचा, दुसऱ्याने तो शब्दन् शब्द मोठ्याने परत म्हणायचा, मग पहिल्याने "बरोबर" म्हणायचं आणि त्यानंतरच हात लावायचा. ही सवय इतकी हाडीमाशी खिळलीय की बायकोने "येताना ब्रेड आणा" म्हटलं तर मी "येताना ब्रेड आणतो" म्हणून उभा राहतो. तीही आता चेष्टेने "बरोबर" म्हणते.

तर गोष्ट अशी. धाकट्याच्या प्रयोगशाळेचं पुढे काय करायचं हे ठरवायला एक समिती येणार होती. मशीनने हायड्रोजनचा तो तप्त वायू सलग एक मिनिट धरून दाखवला तर पुढची दहा वर्षं निधी. नाही तर मशीनला कुलूप. दुसरी संधी नव्हती, कारण मशीनची चुंबकं थंड ठेवायला द्रवरूप हेलियम लागतं, ते त्या दिवसापुरतंच उरलं होतं, आणि पुढचं द्यायचं की नाही हे समितीच ठरवणार होती. चौदा वर्षांचं काम सकाळी अकराच्या एका मिनिटावर आलं होतं. त्यासाठी आमचं केंद्र पूर्ण क्षमतेवर असणं गरजेचं होतं. आम्ही जरा जरी खाली आलो तर ग्रिडवाले प्रयोगशाळेची परवानगी रद्द करणार, असा करारच होता.

त्याने दोन पास आणून दिले. एक आईला, एक मला. "दादा, तू पण ये ना. पहिल्या रांगेतली खुर्ची ठेवलीय."

"माझी शिफ्ट आहे," मी म्हणालो.

शिफ्ट बदलून घेता आली असती. बायको तेच म्हणाली. "अहो, एक दिवसाचा तर प्रश्न आहे. आईंच्या शेजारी बसा, टाळ्या वाजवा, घरी या." मी नाही बदलली. कारण सांगतो, आता लपवण्यासारखं काही उरलेलंच नाही. त्याचा सूर्य माझ्या मेहेरबानीवर पेटावा आणि ते त्याला माहीत असावं, असं मला वाटत होतं. टाळ्या वाजवायला मला जायचं नव्हतं.

त्या दिवशी सकाळी सात वाजताच आई तयार होऊन बसली होती. नवी शाल, नवे बूट. तिला घ्यायला प्रयोगशाळेची गाडी नऊला येणार होती. मी डबा उचलला तसं ती म्हणाली, "वीज नीट दे हो आज. मध्येच काही घोळ घालू नकोस."

"मी कधी घोळ घातलाय?"

"तसं नाही रे. पण आज त्याचं महत्त्वाचं आहे."

आज त्याचं महत्त्वाचं आहे! माझी तळपायाची आग मस्तकात गेली. सत्तावीस वर्षं हिच्या डोक्यावरचा पंखा कोण फिरवतंय? पण बोलून उपयोग नसतो, आणि आठची शिफ्ट होती.

शिफ्ट हातात घेण्याआधी आम्हाला एक कागद भरावा लागतो. झोप पुरेशी झाली आहे का? कुठलं औषध घेतलं आहे का? मन स्थिर आहे का? तीन प्रश्न, तीन चौकोन, खाली सही. हा कागद मी हजारो वेळा भरला असेन. सही करताना डोळे कागदावर नव्हतेच, पेन आपोआप फिरलं. हो, नाही, हो. तिसऱ्या "हो"पाशी क्षणभर थांबायला हवं होतं. ती माझी त्या दिवसाची चूक. पुढचं सगळं तिच्यातून आलं.

दहा वाजून वीस मिनिटांनी बी हलला.

हे थोडं सांगायला हवं. रिअ‍ॅक्टर किती जोरात चाललाय हे आम्ही एकाच मापकावर विश्वास ठेवून ठरवत नाही. एकच गोष्ट तीन मापक वेगवेगळी मोजतात: ए, बी आणि सी. एकाने थाप मारली तरी उरलेल्या दोघांवरून खरं कळतं. नुसता बी बिघडला असेल तर त्याला बाजूला काढायचा आणि ए, सी वर काम चालू ठेवायचं. पण दोघे एकदम हलले तर तो मापकांचा बिघाड नाही, आत खरंच काहीतरी होतंय असं धरायचं आणि खाली यायचं. शंका आली तरी खाली यायचं. आम्हाला पहिल्या दिवशी शिकवतात ते हेच.

बी अर्धा टक्का वर गेला, खाली आला, मग एक टक्का वर गेला. ए शांत होता. आणि सी... सी एकदा हलल्यासारखा मला वाटला.

"सी हलला का?" मी पॅनेलवरच्या ऑपरेटरला विचारलं.

"मी बी कडे बघत होतो, साहेब."

रेकॉर्डरच्या कागदाजवळ जाऊन चष्मा लावून पाहिलं. सी च्या रेघेत टाचणीच्या टोकाएवढी गाठ होती. हलल्याची म्हणावी तर हलल्याची, पेनाच्या शाईची म्हणावी तर शाईची. घड्याळात दहा पंचवीस. आई एव्हाना पहिल्या रांगेत बसली असणार.

पहिला विचार आला, खाली आणा. नियमही तेच म्हणतो, कुणी बोट दाखवणार नाही. आणि त्या विचाराबरोबर पोटात काहीतरी गोड पसरलं. खोटं कशाला सांगू, मधुमेहवाल्याला जिलबी दिसावी तसं झालं. धाकटा समितीसमोर उभा आहे, घाम पुसतोय, "वीजच आली नाही" म्हणतोय, आणि आई नव्या शालीत हात गुंडाळून बसलीय, हे सगळं मला लख्ख दिसलं.

त्या गोडीनेच मी दचकलो. म्हटलं, अरे, हे काय चाललंय?

मग लगेच दुसरा विचार आला. नाही आणायचं खाली. ती गाठ शाईचीच आहे. बी बाजूला काढायचा, केंद्र पूर्ण जोरात ठेवायचं. उद्या कुणी म्हणायला नको की दादाने जळून वीज कापली. या विचारात आईचं तोंड होतं. ती रात्री जेवताना म्हणतेय, बघ, तुझ्यामुळे झालं हो त्याचं.

मी त्या दोन्ही विचारांकडे नीट पाहिलं. दोन्हींत काटा कुठेच नव्हता. एकात धाकटा होता, दुसऱ्यात आई. सत्तावीस वर्षं मी काट्याकडे बघून निर्णय घेतले, आणि आज काट्याकडे बघतोय तर मला माझंच घर दिसतंय. त्या खुर्चीत बसलेल्या माणसाला काय दिसतं यावर अख्ख्या परिसराचा जीव अवलंबून असतो. हे भाषण नाही, ते तसंच असतं. मला भीती वाटली. रिअ‍ॅक्टरची नाही, स्वतःची.

अशा वेळी काय करायचं हे नियमात लिहिलेलं आहे. इन-चार्जला आपण कामाला लायक नाही असं वाटलं, ताप आला, चक्कर आली, घरून वाईट बातमी आली, तर त्याने तिथल्या तिथे चार्ज डेप्युटीकडे द्यायचा. गळ्यातली पॅनेलची किल्ली काढून द्यायची, लॉगबुकमध्ये वेळ लिहायची, कारणाच्या रकान्यात कारण लिहायचं. शाईने. ते पान फाडता येत नाही, खोडता येत नाही. मग चार्ज घेणाऱ्याने ती नोंद सगळ्यांना ऐकू जाईल अशी मोठ्याने वाचायची.

माझी डेप्युटी वयाने माझ्या निम्मी. तिला सगळे पाठीमागे फूटपट्टी म्हणायचे, कारण ती लॉगबुकातल्या रेघासुद्धा फूटपट्टी लावून मारायची. कानामागून आली आणि तिखट झाली, असं मीही तिच्याबद्दल कॅन्टीनमध्ये बोललेलो आहे. तिला हाक मारली.

"मॅडम, चार्ज घ्या."

ती उभी राहिली. "बरं नाही का, सर?"

"लिहितोय."

पेन हातात घेतलं. सगळ्यात सोपं होतं "चक्कर" लिहिणं. पन्नाशी उलटलेल्या माणसाला चक्कर येते, कुणी विचारलंही नसतं. पण त्या वहीत मी कधी खोटं लिहिलेलं नव्हतं. माझ्याकडे आयुष्यात दाखवण्यासारखं तेवढंच होतं. धाकट्याची निळी फाइल, माझी ती वही. मी लिहिलं आणि वही तिच्याकडे सरकवली.

तिने मनात वाचलं. माझ्याकडे पाहिलं. नियम नियमच, आणि ती फूटपट्टी. तिने घसा साफ केला.

"वेळ दहा एकोणतीस. इन-चार्ज चार्ज सोडत आहेत. कारण: सख्ख्या धाकट्या भावाचा मत्सर. आजच्या निर्णयात स्वतःवर विश्वास नाही." मग नेहमीचा प्रश्न. "बरोबर?"

खोलीत चार ऑपरेटर होते. चौघेही पॅनेलकडे तोंड करून पुतळ्यासारखे उभे होते. एकाची मान लाल झालेली मला मागून दिसली.

"बरोबर," मी म्हणालो आणि किल्ली काढून दिली.

"सी बद्दल तुमचं मत काय आहे, सर?"

"मत देता येत असतं तर चार्ज कशाला दिला असता?"

तिने मान डोलावली. रेकॉर्डरजवळ गेली, कागद पाहिला, ए पाहिला, बी पाहिला, सी कडे मिनिटभर टक लावून उभी राहिली. तिच्या तोंडावर काहीही नव्हतं, ना भाऊ, ना आई. मला तिचाही हेवा वाटला. मग ती म्हणाली, "दोन मापकांबद्दल शंका आहे. सत्तर टक्क्यांवर आणा."

"सत्तर टक्क्यांवर आणतो," ऑपरेटर म्हणाला.

"बरोबर."

मी मागच्या खोलीत जाऊन बसलो. तिथे एक टेबल, दोन खुर्च्या, पाण्याची बाटली. भिंतीपलीकडून टर्बाइनचा आवाज येतो. सत्तावीस वर्षांनी तो आवाज कानांना नाही, हाडांना कळतो. तो हळूहळू उतरला. दहा चाळीसला ग्रिडवाल्यांचा फोन वाजला, आणि डेप्युटीने शांतपणे सांगितलेलं ऐकू आलं, "हो, प्रयोगशाळेची परवानगी रद्द समजा."

तेव्हा मला बरं वाटलं. इतकं बरं की हसू येईल की काय असं वाटलं. हात झटकून मोकळा झालो होतो. पाप केलं नव्हतं, फळ मात्र मिळालं होतं. असं आयुष्यात किती जणांना मिळतं?

दुपारी मेंटेनन्सवाल्यांनी शोधून काढलं. बी च्या केबलचा कनेक्टर ढिला झाला होता. सी ला काही झालेलं नव्हतं. ती गाठ शाईचीच होती. रिअ‍ॅक्टर अगदी ठणठणीत होता. चार वाजता केंद्र पुन्हा पूर्ण जोरात आलं, पण समिती तीनच्या विमानाने गेली होती.

संध्याकाळी घरी आलो तर आई शाल घडी करत होती. "ऐन वेळी तुमच्याकडे काहीतरी बिघडलं म्हणे," एवढंच म्हणाली. मग म्हणाली, "किती शांत उभा होता रे तो. कुणाला दोष दिला नाही." जेवली नाही. मी कारण सांगितलं नाही. बायकोला सांगितलं. ती ताटं उचलता उचलता म्हणाली, "चक्कर लिहायची होतीत."

पुढे जे झालं ते मला अपेक्षित नव्हतं. मला वाटलं होतं कामावर लोक तोंड चुकवतील, पाठीमागे खिदळतील. खिदळले असतीलही. पण चौथ्या दिवशी केंद्राच्या संचालकांनी मला बोलावलं, उठून उभे राहिले आणि हात हातात घेतला. म्हणाले, "पस्तीस वर्षांत असं कारण कुणी लिहिलेलं नाही. ताप लिहितात, पाठ लिहितात. स्वतःला ओळखून बाजूला होणं म्हणजे काय, हे नव्या लोकांना शिकवायला यापुढे मी तुमचंच उदाहरण देणार." दुपारी कॅन्टीनमध्ये सगळ्यांसमोर त्यांनी ते पुन्हा सांगितलं, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. डेप्युटीनेही वाजवल्या. नोकरीतल्या पहिल्या टाळ्या. त्याच दिवशी प्रयोगशाळेला कुलूप लावायचं पत्र निघालं. ते मला संध्याकाळी कळलं. खरं म्हणजे टाळ्यांच्या आधीच कळलं असतं तरी मी त्या तितक्याच आवडीने ऐकल्या असत्या.

आठव्या दिवशी, सुट्टीच्या दुपारी, धाकटा आला. चेहरा खप्पड, दाढी वाढलेली. लग्न त्याने केलंच नाही, संसार मशीनशीच मांडला होता. आईने त्याला स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसवलं आणि बायकोने चहा ठेवला. त्याने खिशातून घडी घातलेला कागद काढून टेबलावर पसरला. प्रयोगशाळेने आमच्या केंद्राकडे खुलासा मागितला होता, आणि केंद्राने नियमाप्रमाणे लॉगबुकच्या पानाची प्रत पाठवली होती. माझं अक्षर. दहा एकोणतीस.

"काय आहे ते?" आईने विचारलं.

तिने चष्मा लावला आणि कागद जवळ ओढला. तिला वाचायला वेळ लागतो, प्रत्येक शब्द पुटपुटत वाचते. कारण... सख्ख्या... धाकट्या... भावाचा... पुढचा शब्द तिने म्हटला नाही. कागद परत टेबलावर ठेवला आणि तळहाताने त्याची घडी सपाट करत बसली.

"दादा," धाकटा म्हणाला. आवाज चढलेला नव्हता. "तू खुर्चीत राहिला असतास तर काय केलं असतंस?"

"चालू ठेवलं असतं."

"का?"

"तू म्हणू नयेस म्हणून. की दादाने मुद्दाम कापलं."

"म्हणजे माझा प्रयोग झाला असता."

"झाला असता."

"आणि रिअ‍ॅक्टरला काही झालेलं नव्हतं."

"नव्हतं. पण तेव्हा ते कुणालाच माहीत नव्हतं. माहीत नसताना..."

"ते मला कळतं रे, दादा. मला नको शिकवूस." तो हसला. "गंमत बघ. तू थोडासा अजून खोटारडा असतास, तर मी आज इथे बसलो नसतो."

चहा उकळून वर आला. बायकोने गॅस बंद केला, पण कप काढले नाहीत.

"चूक कुणाची नाही," धाकटा म्हणाला. "तुझ्या त्या मॅडमच्या जागी मी असतो तर मीही तेच केलं असतं. समितीला मी तेच सांगितलं. पण एक विचारायचंय. त्यासाठीच आलो. काटे खाली आले तेव्हा तुला कसं वाटलं?"

त्याच्या मागे उभी असलेली बायको माझ्याकडे बघून मान हलवत होती. नको, नको. मला ते दिसत होतं. वाईट वाटलं, एवढं म्हणायचं होतं. दोन शब्द. त्याला तेच ऐकायचं होतं असंही नाही, पण तेवढं ऐकून तो चहा प्यायला असता आणि घरी गेला असता. पण मला एखादं माप विचारलं की जे आहे तेच सांगायचं, याच्या पलीकडे काही येत नाही.

"बरं वाटलं," मी म्हणालो.

धाकट्याने मान डोलावली. रागावला नाही, ओरडला नाही. कागदाची घडी घालू लागला, पण घडी जमत नव्हती. दोनदा प्रयत्न करून त्याने तो तसाच चुरगाळून खिशात टाकला आणि हातांनी तोंड झाकलं. चौदा वर्षं. तो रडताना लहानपणी करायचा तसाच आवाज करत होता, आणि आम्ही तिघं ऐकत होतो.

आई उठली. मला वाटलं त्याच्या पाठीवरून हात फिरवायला उठली. ती आपल्या खोलीत गेली. कपाट उघडल्याचा आवाज आला, मग खण ओढल्याचा. थोड्या वेळाने ती बाहेर आली तेव्हा तिच्या एका हातात कपड्यांची पिशवी होती आणि दुसऱ्यात औषधांचा डबा.

"चल," ती धाकट्याला म्हणाली. "मी येते तुझ्याकडे."

"आई, अगं, मी त्यासाठी नाही आलो."

"तू नको सांगूस. तुला जेवायला कोण घालणार आहे आता?"

"आई, अहो, असं काय करताय?" बायको पुढे झाली. "बसा ना. चहा तरी घ्या." आईने तिच्या गालाला हात लावला, तिच्यावर काही राग नव्हता. मग माझ्यासमोर येऊन उभी राहिली. मला वाटलं आता शिव्या देईल. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"एकदा तरी खोटं बोलायचंस रे," ती म्हणाली.

धाकट्याने तिच्या हातातली पिशवी घेतली. जिन्यावर तो एक पायरी पुढे होता आणि ती त्याच्या खांद्यावर हात ठेवून उतरत होती, सावकाश, प्रत्येक पायरीवर थांबत. मी दारात उभा राहून बघत होतो. माझं चुकलं नव्हतं हे मला माहीत होतं. त्याचं मशीन गेलं होतं, नाव गेलं होतं, आता दुसरं काम शोधावं लागणार होतं, तेही माहीत होतं. त्याची दया यायला हवी होती. पण त्या जिन्यावर दोघांना बघताना माझ्या मनात पहिलं आलं ते एवढंच, की सगळं गमावूनसुद्धा आई त्यालाच मिळाली.